पहाडगंजच्या पुलावर बंद पडणारा टेम्पो

नवी दिल्ली स्टेशनवर तुम्ही १ नंबरच्या प्लॅटफॉर्मकडून बाहेर पडलात की समोर पहाडगंज. १६ नंबरकडून बाहेर पडलात तर अजमेरी गेट. मधल्या रुळांच्या दोन्ही अंगांना दोन वेगळी शहरं असावीत इतका फरक आहे. पहाडगंजात पाऊल टाकताच रिक्षावाले, हॉटेलांचे एजंट आणि सिमकार्डवाले तुम्हाला घेरतात. त्यांना हसून ‘नको’ म्हणा आणि चालत राहा. मेन बझार सरळ पश्चिमेला जातो, थेट रामकृष्ण आश्रम मेट्रो स्टेशनपर्यंत. चामड्याच्या बॅगा, चांदीचे दागिने, उदबत्त्या, पाठीवर सामान घेतलेले परदेशी पाहुणे आणि चुना मंडीत सीताराम दीवानचंद यांचे छोले-भटुरे. हे सगळं तुम्हाला कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल.

पण पहाडगंज फक्त पाहुण्यांवर जगत नाही. उत्तरेला लागूनच सदर बाजार आहे, दिल्लीच्या घाऊक व्यापाराची एक मोठी पेठ. खेळणी, भांडी, स्टेशनरी, प्लास्टिक, सगळं तिथून निघतं आणि कुतुब रोडने पहाडगंजाला घासून शहरभर जातं. हा माल वाहतात छोटे टेम्पो. कंपनी कुठलीही असो, दिल्लीत सगळे त्याला ‘छोटा हाथी’च म्हणतात. आपल्याकडच्या ‘छोटा हत्ती’चाच हा भाऊ.

अशाच एका टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून मी पहाडगंज पाहिलं. तुम्हालाही तिथूनच दाखवते, कारण त्या टेम्पोला एक दुखणं होतं आणि त्या दुखण्याचं उत्तर या भागाच्या रस्त्यातच दडलेलं होतं.

टेम्पोचे मालक आमच्या नात्यातले. मी त्यांना दादा म्हणते. जन्म पहाडगंजचा, शाळा नूतन मराठी. हो, पहाडगंजात मराठी शाळा आहे आणि तिच्या जवळच बृहन्महाराष्ट्र भवनही. दिल्लीला परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी किंवा उपचारांसाठी येणाऱ्या कित्येक मराठी माणसांना हा पत्ता तोंडपाठ असतो. गणपतीत इथे या, आरतीच्या वेळी डोळे मिटलेत तर आपण पुण्यात आहोत की दिल्लीत, कळणार नाही. दादांचं मराठी मात्र अस्सल दिल्लीचं. “काय आहे ना ताई, की गाडी तर ठीक आहे, पण तिचं डोकं खराब आहे,” असं ते मला म्हणाले होते.

ते डोकं खराब व्हायचं ते एकाच जागी. देशबंधू गुप्ता रोड पहाडगंजातून पूर्वेकडे येतो, शीला सिनेमाजवळून पुलावर चढतो, खालून नवी दिल्ली स्टेशनचे रूळ जातात आणि पलीकडे अजमेरी गेट. शीला सिनेमा तुम्ही बाहेरूनच पाहा. १९६१ मध्ये सुरू झालेलं आणि भारतातला पहिला ७० एमएमचा पडदा मिरवणारं हे चित्रपटगृह २०१७ मध्ये बंद पडलं. दादांच्या वडिलांनी तिथे पाहिलेल्या सिनेमांची यादी अजून घरात ऐकायला मिळते. तर या पुलाच्या चढावर, माल भरलेला असताना, दादांचा टेम्पो अचानक गप्प व्हायचा. ना धक्का, ना आवाज. इंजिन बंद, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि मागे हॉर्नचा गोंधळ.

पाच-दहा मिनिटं थांबलं, दोघांनी टेम्पो ढकलून मागे घेतला, की तो मुकाट सुरू व्हायचा. मग आठवडाभर काही नाही. मग पुन्हा तेच.

तुम्ही म्हणाल, छोट्या टेम्पोचं एवढं काय? दिल्लीत मोठ्या ट्रकना दिवसा शहरात बंदी असते आणि छोट्या टेम्पोंनाही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अनेक रस्त्यांवर मनाई. म्हणजे दादांच्या हातात दुपारचे काही तासच. तेवढ्यात सदर बाजारातून दोन खेपा झाल्या तर दिवस सुटतो, एकच झाली तर सीएनजी आणि हमालीतच पैसे जातात. पुलावर गाडी अर्धा तास अडकली की दुसरी खेप गेलीच. व्यापारी दोनदा ऐकून घेतो, तिसऱ्यांदा दुसऱ्या टेम्पोला फोन करतो. दादांचे दोन जुने व्यापारी असेच सुटले होते.

शिवाय गाडीचं वय. दिल्लीत १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवायचं नाही, असे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश २०१४ आणि २०१५ मध्ये आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केलं. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. दादांचा टेम्पो २०१४ चा, सीएनजीवरचा, म्हणून अजून रस्त्यावर. पण दरवर्षी फिटनेस, तीन वर्षांनी सीएनजीच्या टाकीची तपासणी आणि वर हा पुलावरचा तमाशा. वहिनींचं म्हणणं स्पष्ट होतं, “विका आता. भंगारात काय येईल ते येईल.” दादांचं म्हणणं, गाडीचे हप्ते फिटले आहेत. नवी घेतली की पुन्हा पाच वर्षं बँकेची चाकरी. घरात रोज रात्री हाच विषय. मुलगी बारावीला होती, तिच्या क्लासची फी त्याच खेपांमधून जायची.

दिवा काय सांगतो?

इथे थोडं गाडीच्या पोटात डोकावूया. घाबरू नका, फार खोल जाणार नाही.

आजच्या गाडीत इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. इंजिन किती गरम आहे, हवा किती येते, पिस्टन कुठे आहे, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात. यातला एक सेन्सर फार महत्त्वाचा, क्रँक सेन्सर. इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो, त्याच्यासोबत एक दातेरी चाक फिरतं आणि त्या चाकापासून जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर हा सेन्सर बसतो. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की विजेची बारीकशी लहर उठते. चाकावर एका ठिकाणी मुद्दाम दाते गाळलेले असतात, त्या रिकाम्या जागेवरून कॉम्प्युटरला कळतं की फेरा कुठे आला. ही लहर थांबली तर ठिणगी कधी टाकायची आणि गॅस कधी सोडायचा हेच त्याला कळत नाही. मग तो दोन्ही थांबवतो. इंजिन गप्प.

आणि गप्प होताना तो एक कोड लिहून ठेवतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात यंत्र लावलं की हा कोड वाचता येतो. २०१३ च्या सुमारानंतरची तुमची कार असेल तर तिच्यातही बहुधा हे सॉकेट आहे. ब्लूटूथवर चालणारं छोटं यंत्र बाजारात स्वस्तात मिळतं, मोबाइलवर कोड दिसतो. कोडातलं पहिलं अक्षर पी असेल तर भानगड इंजिन-गिअरची, बी म्हणजे बॉडीची, सी म्हणजे चाकं-ब्रेककडची, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याची. त्यापुढे शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांसाठी एकच.

दादांच्या गाडीत दरवेळी एकच कोड यायचा, पी०३३५. याचा अर्थ इंटरनेटवर पाहा, ‘क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए, सर्किट’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. बहुतेक लोक ‘सेन्सर’ या शब्दापर्यंत वाचतात आणि नवा सेन्सर आणायला निघतात. खरी गोम शेवटच्या शब्दात आहे. सर्किट.

घरातली गोष्ट घ्या. दारावरची बेल वाजली नाही, तर तुम्ही लगेच नवी बेल आणता का? बटण खराब असेल, मधली वायर उंदराने कुरतडली असेल, फ्यूज गेला असेल. ‘बेल वाजत नाही’ ही तक्रार झाली, कारण अजून शोधायचं आहे. कोड तेवढी तक्रारच सांगतो. सेन्सर हा निरोप्या. निरोप पोहोचला नाही म्हणून तुम्ही निरोप्या बदलता, पण वाट मध्येच तुटलेली असली तर?

काश्मिरी गेटची फेरी

दादांनी सेन्सर तीनदा बदलला होता. तिन्ही वेळा काश्मिरी गेटहून आणला.

हा बाजार तुम्ही एकदा तरी पाहा, गाडी नसली तरी. नवी दिल्ली मेट्रो स्टेशनवरून पिवळ्या लाइनने चावडी बाजार, चांदनी चौक आणि तिसरं स्टेशन काश्मिरी गेट. शाहजहानच्या शहराचा हा उत्तरेकडचा दरवाजा, १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी इथूनच शहरात मुसंडी मारली. दरवाजाच्या आसपासच्या गल्ल्यांत आज गाड्यांच्या सुट्या भागांची शेकडो दुकानं आहेत. एका दुकानात फक्त आरसे, एकात फक्त बेअरिंग, एकात छतापर्यंत नुसते हेडलाइट. काउंटरवरचा माणूस गाडीचं वर्ष ऐकतो, मान वर न करता एक नंबर ओरडतो आणि माळ्यावरून कुणीतरी खोका खाली टाकतं. मला हा बाजार फार आवडला. मात्र एक सांगते, इथे अस्सल आणि नकली माल शेजारी शेजारी नांदतो, कधी कधी खोकंही सारखंच असतं. पक्कं बिल मागा. बिल नको म्हटल्यावर किंमत एकदम घसरली तर काय समजायचं ते समजा.

दादांनी पहिल्यांदा स्वस्तातला घेतला. तीन आठवड्यांनी गाडी पुलावर. मग म्हणाले, नकली निघाला. दुसऱ्यांदा हजार-बाराशे मोजून बिलासकट घेतला. दीड महिना चालला. मग मेकॅनिक म्हणाला, गर्मीने जातो, दिल्लीची दुपार आहे. हे अगदीच चुकीचं नव्हतं बरं का. या सेन्सरच्या आतली तार तापली की प्रसरण पावून तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते, असं खरंच घडतं. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो, पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. पाच-दहा मिनिटं थांबल्यावर गाडी सुरू होते म्हणजे थंड झाल्यावर सुरू होते, असा अर्थ सगळ्यांनी काढला. दादा सोबत पाण्याची बाटली ठेवू लागले, सेन्सरवर ओतायला. तिसरा सेन्सर बसला. तोही पाच आठवड्यांत पुलावर रुसला.

मोतिया खानचे उस्ताद

मोतिया खान पहाडगंजला अगदी चिकटून. एकेकाळी इथे लोखंडाचा आणि भंगाराचा मोठा बाजार होता, तो पुढे मायापुरीला हलवला गेला. आता हॉटेलं आणि दुकानं उभी आहेत, पण मागच्या बोळांत हाताचे कारागीर टिकून आहेत. तिथल्या एका वायरमन मिस्त्रींकडे दादांनी टेम्पो नेला तेव्हा मी सोबत होते. वय साठीच्या पुढचं, चष्म्याला दोरा, सगळे त्यांना उस्तादजी म्हणतात. दुकान म्हणजे एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री.

उस्तादजींनी बॉनेट उघडलं नाही, कोड वाचणारं यंत्रही लावलं नाही. एका उलट्या डब्यावर बसले, चहा मागवला आणि विचारलं, “बंद कुठे होते?”

“पुलावर.”

“कुठल्या बाजूने चढताना?”

दादा थबकले. हे कुणी विचारलंच नव्हतं. आठवून म्हणाले, “शीलाकडून चढताना. अजमेरी गेटकडून येताना कधी नाही.”

“येताना माल असतो?”

“नाही. येताना रिकामीच.”

“थंडीत कधी बंद पडली?”

“हां, जानेवारीत एकदा. धुकं होतं. तिथेच.”

उस्तादजींनी चहाचा घोट घेतला. “सदरमध्ये माल भरताना इंजिन चालू ठेवता?”

“कधी कधी. हमाल उशीर करतात तेव्हा. अर्धा-पाऊण तास, भर उन्हात.”

“तेव्हा बंद पडते?”

“नाही, उस्तादजी. तेव्हा कधीच नाही.”

“मग गर्मीला कशाला शिव्या देता?” ते म्हणाले. हे सगळं हिंदीत झालं, मी मराठीत सांगते आहे. त्यांच्या तोंडचं शेवटचं वाक्य मात्र तसंच देते, “गर्मी तो बेचारी पूरी दिल्ली में है, पुल तो एक ही है।”

पाहा, गाडीला हात लागण्याआधी अर्धं काम झालं. ऊन तेच, पण उभ्या गाडीला काही होत नाही. थंडीतही पुलावर होतं. म्हणजे कारण तापमानात नाही, चढावर आणि ओझ्यात आहे. मग भरल्या गाडीने, पहिल्या गिअरमध्ये, थांबत-थांबत चढताना असं काय होतं जे एरवी होत नाही?

इंजिन कलतं.

इंजिन चॅसीवर थेट घट्ट बसवलेलं नसतं, मध्ये रबराचे ठोकळे असतात. मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. जोर लावला की इंजिन त्या रबरावर थोडं एका अंगाला झुकतं, जोर सुटला की जागेवर येतं. रबर जुनं होऊन चिरलं की ‘थोडं’ राहत नाही. आणि इंजिनावरच्या सेन्सरपासून चॅसीकडे येणारी वायर त्या प्रत्येक झुकण्याबरोबर ताणली जाते. अकरा वर्षांत किती वेळा, मोजा.

आता उस्तादजी उठले. चावी बंद केली, कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि सेन्सरकडून येणाऱ्या दोन तारांना मीटर लावला. आकडा नऊशे ओहमच्या आसपास, म्हणजे सेन्सर आणि वायर ठीक. दादांचा चेहरा पडला. मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली. पोऱ्याने इंजिनाखाली लोखंडी पहार घातली आणि हळूच उचकटलं. इंजिन बोटभर सरकलं. मीटरवरचा आकडा गायब. पहार सैल केली, नऊशे परत. पुन्हा उचकटलं, पुन्हा गायब.

कुणी काही बोललं नाही. पोऱ्या मात्र हसला.

सेन्सरच्या जोडणीच्या जरा मागे, मूळ वायरिंगमध्ये, एका पत्र्याच्या पट्टीखाली ती जागा सापडली. वरचं प्लास्टिक बाहेरून धडधाकट. ब्लेडने चिरलं तर आत तांबं हिरवट पडलेलं, बारीक तारा तुटलेल्या, टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. गाडी सपाटीवर असली की टेकायची, इंजिन कललं की सुटायची. पाच-दहा मिनिटांत गाडी थंड होऊन सुरू व्हायची नाही, तर मागे ढकलल्यावर इंजिन जागेवर बसायचं म्हणून सुरू व्हायची. आणि दर नव्या सेन्सरनंतर काही आठवडे ठीक चालायची, कारण तो बसवताना मेकॅनिक वायर उपटून, हलवून, नव्याने बांधायचा आणि टोकं थोडे दिवस नीट जुळायची. तीन वेळा दुरुस्त झाल्यासारखं वाटलं ते त्यामुळे.

खराब वीतभर वायर कापून नवी जोडली, सोल्डर केली, वर रबराची नळी चढवली आणि या वेळी वायरला मुद्दाम थोडी ढील ठेवली. फाउंडेशनचे दोन रबर दुसऱ्या दिवशी काश्मिरी गेटहून आले. रबर बदलल्याशिवाय वायर पुन्हा तुटेल, हे उस्तादजींनी दोनदा बजावलं. सगळा खर्च मिळून एका चांगल्या सेन्सरच्या दीडपट. उस्तादजींची मजुरी त्यातला सर्वांत छोटा आकडा होता, हे मला खटकलं. दादांनी वर शंभर रुपये ठेवले, ते त्यांनी पोऱ्याला दिले.

तुमच्या गाडीचा पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला तर मेकॅनिककडे जाण्याआधी एक काम करा. कुठे लागला, चढ होता की खड्डा, गाडीत किती माणसं होती, पाऊस होता की ऊन, इंजिन गार होतं की तापलेलं, हे मोबाइलवर दर वेळी लिहून ठेवा. कोड मेकॅनिकला पुसू देण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. काही गाड्यांत बिघाडाच्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमानही साठवलेलं असतं, ते वाचून दाखवायला सांगा. आणि एकच सेन्सर दुसऱ्यांदा बदलायला निघालात, तर आधी त्याची वायर, जोडणी आणि अर्थिंग तपासून मागा. पहाडगंजहून मनाली-शिमल्याला भाड्याची गाडी घेऊन निघणाऱ्यांनी तर दिवा लागलेली गाडी ‘वो तो ऐसे ही जलता है’ म्हणून स्वीकारू नये. घाटात ‘ऐसे ही’ चालत नाही.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सदरमधून स्टीलची भांडी भरून निघालो. दर्यागंजला द्यायची होती. शीलापाशी नेहमीसारखी गर्दी, पुढे हातगाडी, बाजूला बस. दादांनी पहिला गिअर टाकला आणि नकळत पाण्याच्या बाटलीकडे हात नेला. पुलाच्या माथ्यावरून स्टेशनचे सगळे प्लॅटफॉर्म एका रांगेत दिसतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा शांतपणे पाहिले. उतार लागल्यावर दादांनी वहिनींना फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “उतरलो.” त्या दिवशी दुसरी खेपही झाली.

काढलेले दोन जुने सेन्सर दादांनी टाकले नव्हते. उस्तादजींनी तेही मीटरवर धरून पाहिले. दोन्ही ठणठणीत, ज्याला नकली म्हणून शिव्या घातल्या होत्या तोसुद्धा. काश्मिरी गेटचा दुकानदार ते परत घेईना, लावलेला माल परत नाही म्हणाला. आता एक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, दुसरा दादांनी उस्तादजींच्या पोऱ्याला दिला.